नाटकाची ऑनलाइन वही

आमच्या गावच्या मंडईचं नाटक वर्षानुवर्षं एका वहीत असायचं आणि ती वही माझ्या ताब्यात असायची. अर्जुनी मोरगावपासून हाकेच्या अंतरावरचं आमचं गाव. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की बाहेरची नाटक कंपनी न बोलावता आम्ही गावकरीच नाटक करायचो. मी प्रॉम्प्टर. स्टेजसमोर खणलेल्या खड्ड्यात बसायचं आणि नटांना वाक्यं पुरवायची, हे माझं काम. बाकीच्यांना फक्त आपापल्या भाषणांची नक्कल मिळे, तीही मीच कार्बन लावून उतरवून द्यायचो. बोटं आठ-आठ दिवस निळी असत. अख्खं नाटक ठाऊक असलेला गावात मी एकटा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता.

दोन हजार दहा उलटून गेल्यावर मंडळी पांगली. कुणी नागपूरला, कुणी रायपूरला. माझा जिवाभावाचा मित्र, आमचा कायमचा खलनायक, पुण्याला कारखान्यात लागला. तालीम घ्यायची कुणाची, या काळजीत मी असताना त्याचाच फोन आला.

"अबे, जमाना कुठं जाऊन राहिला अन् तू अजून कार्बन घासून राहिला? ग्रुप बनवतो. नाटक ऑनलाइन टाक, सगळे तिथंच वाचतीन."

मी शाळामास्तर, पण माऊस हातात धरला की तो टेबलाखाली पळायचा. तालुक्याच्या सायबर कॅफेत गेलो. तो चालवणाऱ्या बाई मूळच्या गोंदिया शहरातल्या. त्यांनी मला खातं उघडून दिलं आणि बजावलं, "सर, साइड में जो भी चमके, उसको हाथ मत लगाना. सब ऐड रहता है."

ते पहिले दिवस आठवले की आजही हसू येतं. दहावीला माझ्या बाकावर बसणारा सोबती पहिल्याच आठवड्यात सापडला, तेव्हा कॅफेत माझे डोळे भरून आले होते. ग्रुपवर मी 'सप्रेम नमस्कार' घालून पानभर पत्र लिही आणि त्याखाली लोक नुसता अंगठा दाखवत. मला राग येई. पत्राला उत्तर द्यायची ही कुठली रीत?

दोन बोटांनी टाइप करून मी अख्खं नाटक सगळ्यांना उघडता-लिहिता येईल अशा ऑनलाइन वहीत चढवलं. आठवड्यानं उघडलं आणि डोक्याला हात लावला. ज्याला हवं त्यानं हवं ते लिहून ठेवलं होतं. नायकाची भाषणं दुप्पट झाली होती. एकदाच येऊन बेड्या ठोकणाऱ्या शिपायाला गाणं मिळालं होतं. मी खोडायचो, ते पुन्हा लिहायचे. आणि माझ्या मित्रानं तर कहर केला. शेवटच्या प्रवेशात नायक त्याला भोसकतो आणि तो तडफडून मरतो, त्यासाठी लोक अख्खी रात्र जागायचे. त्यानं स्वतःचं मरणच काढून टाकलं होतं. खलनायक माफी मागतो, नायक त्याला जवळ घेतो, संपलं.

मी त्याला पुन्हा मारलं. दोन दिवसांनी तो जिवंत. मी परत मारलं आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "पुण्याचं पाणी चढलं का रे? आता साहेबाला मरायची लाज वाटते." भराभर अंगठे पडले. तो तिथं एक अक्षर बोलला नाही.

उत्तर त्यानं दिलं होतं, पण नाटकाच्या पानाच्या कडेला, एका पिवळ्या चौकटीत. "मायचा फोन आला होता. म्हणते, यंदा मरू नको. पहिले मेला तरी सकाळीच घरी जेवाले येत होता, आता दूर राहते. एवढं ऐक बे." मी ती चौकट पाहिली होती. कडेला चमकते म्हणजे जाहिरात, म्हणून न वाचता बंद केली. मग पानं छापून घेतली. कागदावर चौकट उमटली नाही. मी गप्प म्हणजे मला कबूल, असं त्यानं धरून नवा शेवट पुन्हा घातला आणि नायकालाही कळवलं. मी मात्र माझे कागद घेऊन मोकळा झालो होतो.

तो ऐन मंडईच्या दुपारी गाडीतून उतरला. माझ्याकडे बघून हसला. मी फुरंगटलेलाच.

नाटक छान रंगलं. शेवटच्या प्रवेशात तो गुडघ्यांवर बसला आणि माफी मागू लागला. नायकानं हात पसरले. माझं टाळकंच सरकलं. खड्ड्यातून मी नायकाचं जुनं वाक्य जोरात पुरवलं, "घे, भरला तुझ्या पापाचा घडा!" इतक्या वर्षांची सवय. नायकाचा हात कमरेच्या सुऱ्याकडे गेला. मित्रानं एकदा खाली माझ्याकडे पाहिलं, आणि वार होताच तो पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला त्याची आई उठून उभी राहिलेली मला दिसली. ती तशीच गर्दीतून निघून गेली.

पडद्यामागे त्यानं एवढंच विचारलं, "वाचलं नाही का तूनं?" मग त्यानं सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्याच्या बसच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. मावशी, म्हणजे त्याची आई, नव्या तांदळाचं गाठोडं बांधत होती.

"चुकलं मावशी," मी म्हणालो.

तिनं गाठ आवळली. "मी म्हटलं मरू नको, तं नाही ऐकलं. तूनं म्हटलं मर, तं मेला." मग वर बघून म्हणाली, "एवढं तुयं ऐकते, तं घरीच राह्य म्हण ना त्याले."

तो बॅग घेऊन दारात उभा होता. माझ्याकडे बघत थांबला होता, मी काय सांगतो म्हणून. शेत दोन एकर, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं, गावात काम नाही, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"बस चुकेल," मी म्हणालो, आणि त्याची बॅग उचलली.