‘देवच आहे’ असं त्या खोलीत कोण म्हणालं?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी संध्याकाळच्या चहाबरोबर वाचते, चिवडा खावा तसे. पिंपळ, पांढरी साडी, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि कप विसळायला टाकायचा.

त्यात मी ख्रिस्ती. लोकांना वाटतं, आमच्याकडे दर रविवारी लंगडे चालायला लागतात. तसं काही नसतं हो! आमचं चर्च जुन्या वळणाचं. उपासना, उपदेश, गायनं, मग बाहेर चहा-समोसा आणि कुणाच्या पोरीचं कुठे जमलं याची चौकशी. चमत्कार बायबलमध्ये झाले, नागपूरच्या प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. चर्चमध्ये मी पेटी वाजवते, लग्नाच्याही आधीपासून. माझी जागा उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या अगदी बाजूला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा नवरा विलास जन्माने ख्रिस्ती नव्हता. काटोलकडचं शेतकरी घर, संत्र्याची बाग, तो थोरला मुलगा. आम्ही एकाच ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर क्लार्क होतो. मी त्याला साफ सांगितलं होतं, धर्म बदलायची काही गरज नाही, कोर्टात लग्न करू. पण हा माझी पेटी ऐकायला म्हणून चर्चला यायला लागला आणि उपदेश ऐकत बसला. मग पाळकसाहेबांच्या बंगल्यावर जायला लागला. संध्याकाळी व्हरांड्यात दोघं बसायचे. विलास प्रश्न विचारायचा आणि साहेब उत्तरं द्यायचे.

विलासच्या आईची खरं तर काही हरकत नव्हती. ती म्हणाली, "घरात इतके देव हायेत, तुह्या येशूले बी ठेव गणपतीच्या बाजूले. मी त्याले बी फूल वाहीन." किती साधा मार्ग होता! विलासने तो साहेबांना सांगितला, तेव्हा मीही तिथे होते. साहेब म्हणाले, "विलास, असं चालत नाही. तो एक तर देव आहे, नाही तर नाही. नुसता चांगला माणूस असेल, तर तू आत्ता घरी जा आणि आईच्या देवापुढे दिवा लाव. पण देव असेल, तर त्याच्या बाजूला दुसरा कोणी बसू शकत नाही."

विलासने हे जसंच्या तसं उचलून घरी नेलं. त्याच्या बाबांनी ऐकून घेतलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "तो देव आमचा नाही. आन् तू बी आता आमचा नाही." बाबा पुढे बरीच वर्षं जगले, पण याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते गेले तेव्हा विलास गावी गेला, तर त्याला बांधावर उभं केलं. अग्नी धाकट्याने दिला, रमेशभाऊजींनी. थोरला मुलगा लांबून धूर बघून परत आला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही, आणि त्यावर कधी बोललाही नाही. आपला नवरा एका वाक्यासाठी काय देऊन बसलाय, ते मला त्या दिवशी कळलं.

मागच्या वर्षी मे महिन्यात विलासचं लिव्हर गेलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. रमेशभाऊजी गावाहून येऊन राहिले. बाप गेल्यावर दोघा भावांचं हळूहळू बोलणं सुरू झालं होतं, तेवढंच. औषधाच्या गुंगीतून जाग आली की विलास एकच विचारायचा, "रूथ, आपण बरोबर केलं ना वं?"

"काय केलं?"

"बाबाले मी आग नाही देली. येशू नुसता चांगला मानूस असन, तर काहून केलं मी हे सारं?"

मी काय सांगणार? मी जन्मापासून त्यातलीच, मला कधी काही सोडावं लागलंच नव्हतं. मी म्हणायची, "झोप, उगाच डोकं नको चालवू." मग पुन्हा तेच. मरणाची भीती त्याला नव्हती. आपण फसलो की काय, याची होती. शेवटी मी साहेबांना फोन केला. मधे बदल्यांवर बदल्या होऊन साहेब फिरून आमच्याच चर्चला आले होते. म्हटलं, ज्यांनी सांगितलं त्यांनीच येऊन सांगावं.

साहेब दुपारी आले. नागपूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे कॉलनीत कुत्रंसुद्धा फिरत नाही. साहेब उशाशी खुर्चीवर बसले. रमेशभाऊजी खिडकीला टेकून उभे होते. मी साहेबांच्या मागे, दारात. तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद पडला, आणि घरात एकदम इतकं शांत झालं की विलासचा श्वास मोजता आला असता. हे मुद्दाम सांगतेय, कारण उद्या कोणी म्हणेल कूलरच्या आवाजात भास झाला, शेजारचा टीव्ही असेल. अख्ख्या लाइनची लाइट गेली होती.

विलासने साहेबांचा हात धरला. "साहेब, घुमवून नका सांगू. तो देवच आहे ना?"

साहेब काही बोलेनात. माझ्या तोंडात पदराचा बोळा होता, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग साहेबांचा आवाज आला. हळू, पण छातीतून आलेला.

"देवच आहे. भिऊ नको. ये."

विलासचा चेहरा बघता बघता सैल झाला. कपाळावरची आठी, जी कित्येक दिवस हलली नव्हती, ती गेली. तो म्हणाला, "बरं बाबा. येतो." आणि झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, पण मधल्या वेळात त्याने तो प्रश्न पुन्हा एकदाही विचारला नाही.

मी पुढचे कितीतरी महिने त्या शब्दांवर काढले. आपल्या माणसाला जाताना हवं ते मिळालं, याचं समाधान काय असतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांनाच कळेल. शोकसभेत सगळ्यांसमोर मी साहेबांचे आभार मानले. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, किती नम्र माणूस!

आता पेटीकडे येते. उपासनेत आम्ही सगळे उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. म्हणजे आपण काय मानतो, ते सगळ्यांनी मिळून, पाठ. येशू नुसता गुरू नाही, संत नाही, खरा देव आहे, असं सांगणारी ओळ त्यात आहे. तेव्हा पेटी बंद असते आणि साहेबांचा माइकही. दीडशे माणसांच्या गजरात एकट्या साहेबांचा आवाज कोणाला ऐकू येणार? फक्त मला. पूर्वी माझं कधी लक्ष गेलं नव्हतं, पण विलास गेल्यापासून मी ती ओळ कान देऊन ऐकायला लागले होते. आणि एका रविवारी लक्षात आलं, ती ओळ आली की साहेबांचे ओठ मिटतात. ओळ संपली की पुन्हा सुरू! वाटलं, घसा असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

उपासना संपल्यावर मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले आणि गमतीने म्हटलं, "साहेब, एवढी वर्षं झाली, आता ओळी विसरायला लागलात का?"

ते हसले नाहीत. उठून दार लावून आले.

"रूथबाई, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला नाही वाटत तो देव आहे. चांगला माणूस होता. त्याच्याइतका चांगला दुसरा झाला नाही. पण देव..." पुढे नुसता हात हलवला.

"कधीपासून?"

"फार वर्षं झाली."

"विलासला शिकवलंत तेव्हा?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तेव्हाच सुरुवात झाली होती. त्याला जे सांगत होतो ना, ते मी खरं तर स्वतःला सांगत होतो. त्याला पटलं. मला..."

तुम्हाला सांगते, पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एक माणूस स्वतःच्या शंकेला औषध म्हणून एक वाक्य बनवतो, आणि ते पाजतो दुसऱ्याला! त्या वाक्यापायी दुसऱ्याचं घर सुटतं, बापाची शेवटची आग चुकते, आणि हा रविवारचा झगा घालून मजेत उभा! याला केसाने गळा कापणं नाही तर काय म्हणायचं? हे सगळं मी त्यांना तोंडावर ऐकवलं. आवाज चढवून ऐकवलं. बाहेर समोसे वाटणाऱ्यांना ऐकू गेलं असेल तर गेलं.

"आणि मरणाऱ्या माणसाचा हात हातात घेऊन खोटं बोललात? ‘देवच आहे’ म्हणालात?"

साहेबांनी चमकून वर बघितलं. "मी? मी नाही बोललो."

"साहेब!"

"नाही बोलू शकलो, रूथबाई. त्याची तेवढी एकच मागणी होती आणि माझं तोंड उघडलं नाही. तुम्हीच बोललात ना मागून? तुमचा आवाज होता. मी मनातल्या मनात तुमचे आभार मानले. शोकसभेत तुम्ही माझं नाव घेतलंत, मला वाटलं माझी अब्रू झाकताय."

मी तशीच निघाले. ऑटोत बसले आणि घर येईपर्यंत रडले. दुःखाने नाही, संतापाने. आधी नवऱ्याला फसवलं, आणि आता त्याला जाताना मिळालेले शब्दही हा माणूस काढून घेतोय, तेही माझ्या गळ्यात घालून! भित्रा मेला. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. माझ्या तोंडात पदर होता, हे मला माहीत नसेल तर कोणाला?

थंडीत रमेशभाऊजी पिशवीभर संत्री घेऊन आले. हॉलमध्ये बसून सोलत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊजी, त्या दुपारी साहेब विलासला काय म्हणाले, आठवतं?"

"साहेब कुठं काय बोलले वहिनी? ते तं मान खाली घालून बसले होते. मी समोरच होतो ना."

"मग मी बोलले का?"

"तुमी तं रडून राहिल्या होत्या."

"मग बोललं कोण भाऊजी?"

त्यांनी हातातलं संत्रं ताटलीत ठेवलं. "मी कोणाले सांगतलं नाही. घरी बी नाही. तुमी म्हणसान, रमेश येडा झाला... आमच्या बाबाचा आवाज होता वहिनी."

"तुमच्या बाबांचा?"

"बाबा तं त्या देवाचं नाव बी घेऊ देत नव्हता घरात. तो काहून असं म्हणन? मले आजून समजत नाही. पन आवाज त्याचाच होता. दादाले बी तोच आयकू आला असन. म्हणून तं म्हणला ना, बरं बाबा, येतो."

तो ‘बाबा’ मी इतके महिने असाच समजत होते, आपण कोणालाही म्हणतो ना, हो रे बाबा, तसा.

हे मी पुण्याला मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, टेन्शनमध्ये मेंदू असं करतो, ज्याला जे हवं ते तो ऐकतो." असेल. पण तिघांचा मेंदू एकाच क्षणी तेच शब्द बनवतो का? आणि विलास धरून चौघं. बरं, ज्याला जे हवं तेच ऐकू येणार असेल, तर मला साहेबांचा आवाज हवा होता का? हो, तेव्हा हवा होता. आज नको आहे.

तुम्ही विचाराल, कमिटीकडे तक्रार का नाही केली? करणार होते. दोनदा चप्पल घालून निघाले आणि परत आले. साहेबांना रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत, ते सोडा. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण सगळं उघडं केलं, की लोक म्हणणार, बिचारा विलास, खोट्यावर गेला. आणि तो खोट्यावर गेला की नाही, हेच तर मला कळत नाहीये. त्याला कोणीतरी उत्तर दिलं, एवढंच मी छातीठोक सांगू शकते.

राग मला आणखी एका गोष्टीचा येतो, आणि तो कोणावर काढायचा तेही समजत नाही. विलासला त्याचा बाप मिळाला, ज्याची त्याने आयुष्यभर वाट बघितली. रमेशभाऊजींना मिळाला. साहेबांना निदान माझा आवाज मिळाला, तोंडात पदर कोंबलेल्या बाईचा, पण मनापासून मानणाऱ्या बाईचा. आणि मला? त्या खोलीत असलेल्या एकुलत्या एक माणसाचा, ज्याला ते वाक्य म्हणताच येत नव्हतं. जो कोणी बोलला, त्याला माझ्यासाठी दुसरा आवाज सापडला नाही?

मी अजून दर रविवारी पेटी वाजवते. विश्वासांगीकाराला सगळे उभे राहतात. ती ओळ आली की मी मोठ्याने म्हणते, त्यांच्याकडे बघून. त्यांचे ओठ मिटलेले असतात, आणि मी... लिहितानाही राग येतोय... मी त्यांच्याच आवाजाची वाट बघत असते.