उसव, परत शिव

शहरातल्या बड्या वकिलांना कोट शिवायचा झाला की ते मास्तरीणबाईंचंच दुकान गाठत. असा हात आला कुठून, असं कुणी विचारलं की शेजारीपाजारी परस्पर सांगून टाकत, "घरचं वळण हो!" वळण कसलं, पिळून काढलं होतं पोरीला.

तिचे बाबाही शिंपीच. कातरी सोन्याची, पण कौतुकाच्या बाबतीत हात भलताच आखडता. "शाबास म्हटलं की हात सैल पडतो," हे त्यांच्या वडिलांनी त्यांना ऐकवलेलं, त्यांनी लेकीला. तिने काही शिवून आणलं की ते डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "उसव. परत शिव." धाकटी बहीण एकदा मशीनला लाथ मारून गेली ती गेलीच, आज कुठल्याशा दुकानात बिलं फाडते आणि मजेत आहे. थोरली मात्र हट्टी. बाबांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढ्यासाठी तिने डोळे आणि कंबर दोन्ही कामी लावली. साऱ्या शहराने नावाजलं, घरात मात्र तेच, उसव.

आता बाबांनी अंथरूण धरलं होतं. दिसणं केव्हाच गेलेलं. तरी कोट तयार झाला की तो त्यांच्या हाती दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या दिवशी त्यांचं सगळं करता करता तिची तारांबळ उडाली. त्यात गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलेलं. घाईत डाव्या खांद्याला चुणी पडली, चांगली बोटाला लागेल अशी. आता बोलणी खायची, म्हणून ती कोट त्यांच्या हातात देऊन मान खाली घालून उभी राहिली.

बाबांचा अंगठा चुणीपाशी आला आणि तसाच पुढे गेला.

"छान झालाय गं."

तिला आधी खरंच वाटेना. मग तिने त्यांचा अंगठा धरून चुणीवर ठेवला. "बाबा, नीट बघा ना. इथे."

"बघितलं की. छानच आहे. किती वेळा सांगू?"

तिला रडू कोसळलं. जन्मभर ज्यांच्या एका शब्दासाठी झिजली, ते बाबा त्या अंगठ्यात आता राहिलेच नव्हते.

तिने गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, डोळे पुसले आणि कातरी घेऊन बसली. टाके तुटल्याचा आवाज आत गेला असावा.

"काय करतेस?"

"उसवतेय, बाबा."

"कशाला? छान होता की!"