मामंजींची उन्हाळी

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लघवीचा त्रास सुरू झाला, तर त्यांनी उन्हाळी लागली असं ठरवून धने-जिऱ्याचं पाणी प्यायला घेतलं. बरं, उन्हाळा असता तर एक वेळ ठीक. अख्ख्या केदारखेड्यात शेकोट्या पेटल्यात आणि हे उन्हाळीवर इलाज करून राह्यले. सुनेपुढं असलं बोलायचं नाही, मुलाला सांगायची लाज. शेवटी लघवी तुंबली तेव्हा जालन्याला नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, तपासण्यांचा खर्चा आमचा.

निघताना डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वडिलांना झालंय, तुमची पन्नाशी आली. रक्त तपासून घ्या." हा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" तिथून माझ्या जिवाला घोर. भांडले, अबोला धरला, पण गडी बिलकुल ढिम्म.

मग ग्रामसभेत विषय निघाला, पन्नाशीपुढच्या सगळ्या पुरुषांची ही तपासणी पंचायतीच्या पैशातून करायची का. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सरसकट नको. जी गाठ जन्मभर गप बसली असती तिच्यापायीही माणसाला कापाकापी सोसावी लागते. त्रास असेल, घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, त्यांनी आधी येऊन बोलावं.

पुढं बसलेले लागले हसायला. त्यात माझाच नवरा, पंचायतीचा सदस्य, म्हणाला, "ज्याचा त्यानं करावा खर्चा." मी बायकांत बसून दातओठ खात होते.

तेवढ्यात मामंजी उठले.

"मला झालता," ते म्हणाले. "लाजंपायी धने-जिरे पेत बसलो, म्हणून येवढं वाढलं. सगळ्यायची करू नका, बाईचं बराबर हाय. पण ज्याच्या घरात हाय त्याची तरी गावानं करावी. न्हाईतर त्यो लाजंल, अन् पैशाचं निमित्त सांगंल."

कुणी हसलं नाही. ज्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता, ते अख्ख्या गावापुढं बोलले. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू.

मामंजी म्हणाले तसाच ठराव मंजूर झाला. ग्रामसेवकानं विचारलं, कुणाचं नाव लिहू? सगळे खाली बघायला लागले. मग माझा नवरा खुर्ची सोडून उठला आणि बापाशेजारी जाऊन उभा राहिला.

"खर्चा माझा मी करतो," तो म्हणाला. "पण पहिलं नाव माझं लिहा. ह्यांचाच पोरगा हाय मी."