अ गट म्हणजे कोण

उत्तरेश्वर गवळी हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पुण्यात गेल्या पस्तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी पीएच.डी. करून नावाआधी डॉक्टर लावलं, त्यांतल्या निदान तीन-चारशे लोकांचे प्रबंध या माणसाने टाइप केलेत. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. ऋणनिर्देशात त्यांचं नाव अगदी शेवटच्या ओळीत असतं, आणि पुष्कळदा चुकलेलं. माझ्या प्रबंधात ‘श्री. उत्तमराव गवळी’ असं छापलंय. मी लिहून दिलं तसं त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मला हे कळलं तेव्हा बायंडिंग होऊन गेलं होतं. मी ‘सॉरी हं’ म्हटलं आणि रिक्षात बसले.

सदाशिव पेठेत एका क्लासच्या इमारतीमागे त्यांची खोली आहे. पुढे टेबल, संगणक, प्रिंटर आणि कपाट. कपाटाच्या मागे कॉट. संसार म्हणाल तर एवढाच. केजकडच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी पुण्याला आले, लग्न केलं नाही, भाऊ होता तो वारला. डबा मेसमधून येतो. दिवसभर माणसं येतात, समास किती सोडायचा, पानांचे आकडे खाली हवेत की वर, आणि ‘कधी मिळेल’ एवढं विचारून जातात.

पण माणूस नुसता टाइप करायचा नाही, वाचायचा. भौतिकशास्त्रातलं, शिक्षणशास्त्रातलं, वाचोपचारातलं, ग्रहगोलांचं, जे येईल ते. चंद्रावरची धूळ अंतराळवीरांच्या कपड्यांना इतकी का चिकटते, बोलताना अडखळणारी मुलं गाणं म्हणताना का अडखळत नाहीत, मंगळावरच्या कोरड्या पात्रांतून कधी काळी पाणी वाहिलं हे कशावरून म्हणायचं, सगळं त्यांना ठाऊक. आणि सांगायला कुणी नाही. कधी कधी ते धीर करून म्हणायचे, “मॅडम, तिसऱ्या प्रकरणात तुम्ही जे म्हटलंय ना...” त्यावर मी एकदा म्हणाले होते, “अहो गवळी, तुम्ही समास सांभाळा, सिद्धान्त मी सांभाळते.” आपण काय झकास वाक्य टाकलं, असं मला वाटलं होतं. ते हसले आणि पुन्हा टाइप करायला लागले. ते किती एकटे आहेत हे मला तेव्हा दिसलं होतं अशी थाप मी मारणार नाही. मला माझ्या प्रबंधापलीकडे काही दिसत नव्हतं.

मी नीरजा. बी.एड. कॉलेजात शिकवून निवृत्त झाले, शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. त्यामुळे माझ्याकडे सहसा कुणी येत नाही, आणि आलं तर धापा टाकत येतं, जास्त बोलत नाही. ते मला बरं पडतं. गेल्या जानेवारीत एका दुपारी दारात गवळी उभे. प्रबंधानंतरच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना कागद. मला वाटलं, खोली सोडून गावी चालले असतील, निरोप घ्यायला आले.

ते आत आले नाहीत. कागद पुढे केला. माझंच अक्षर होतं.

“मॅडम, या कोष्टकात अ गट म्हणजे कोण होतं?”

आता हे नीट सांगायला हवं. माझा प्रबंध आठवीतल्या मुलांना चंद्र-सूर्याविषयी काय कळतं यावर होता. चारशे बारा उत्तरपत्रिका. निम्म्या पुण्यातल्या शाळांच्या, निम्म्या भोर-वेल्ह्याकडच्या गावांतल्या. माझे मार्गदर्शक आगाशे सर कडक. म्हणाले, उत्तरपत्रिकेवर शाळेचं नाव ठेवायचं नाही, नुसतं अ किंवा ब, तेही मीच घालतो, आणि कुठला गट कोण ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद ठेवतो, सगळं तपासून झालं की उघडा. “नाहीतर नीरजाताई, तुमचं मन आधीच गुण देऊन मोकळं होईल.” मी त्यांचं ऐकलं. तपासलं, पाकीट उघडलं, एकेका कोष्टकात अ-ब दिसेनासं गिरवून शहरी-ग्रामीण लिहिलं. एकतिसाव्या, चंद्र केव्हा आणि कुठे दिसतो याच्या कोष्टकात लिहायचं राहून गेलं, आणि प्रबंध दाखल करायला चार दिवस उरले असताना तो कागद तसाच गवळींकडे गेला.

“तुमचा फोन दोनदा लावला होता तेव्हा,” गवळी म्हणाले. “लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. अंदाजाने लिहून टाकलं. अ गटाचे एकसष्ट टक्के होते, ब चे अडतीस. एकसष्टवर मी शहरी लिहिलं.”

“मग बरोबरच आहे की. अ म्हणजे शहरीच. आणखी कोण असणार?”

ते म्हणाले, चिठ्ठी बघून सांगता का. मी म्हटलं, अठरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी मी काय देव्हाऱ्यात ठेवलीय? आणि आज हे कशाला उकरताय?

तेव्हा त्यांनी उत्कर्षाचं सांगितलं. उत्कर्षा ही मुळशीकडची एक शिक्षिका. शाळा सांभाळून पीएच.डी. करते, प्रबंध गवळींकडे टाइपिंगला. तिनेही मुलांना तेच विचारलं होतं, चंद्र केव्हा उगवतो, कुठल्या दिशेला दिसतो. तिच्या पाहणीत खेड्यातल्या मुलांना जास्त येत होतं. मार्गदर्शक म्हणाले, हे कसं शक्य आहे, २००६च्या प्रबंधात तर नेमकं उलटं सिद्ध झालंय. २००६चा प्रबंध म्हणजे माझा. मग त्या मुलीने चार पानं लिहिली होती, आपलेच आकडे कुठे कुठे चुकले असतील याची. ती चार पानं टाइप करताना गवळींना माझं कोष्टक आठवलं. लोक नेत नाहीत ती हस्तलिखितं ते बांधून ठेवतात, त्यातून त्यांनी हा कागद काढला. आणि पुढच्या शुक्रवारी तिला प्रबंध दाखल करायचा होता.

“तिचं खरं असेल तर ती स्वतःच्या सहीने ते खोटं ठरवतेय,” गवळी म्हणाले. “चिठ्ठी तेवढी बघा.” पाणी प्यायले आणि जिना उतरून गेले.

मला राग आला. चुकीचा आला, पण आला. टायपिस्टाने येऊन माझ्या पीएच.डी.ला हात घालायचा म्हणजे काय. तणतणत मी माळ्यावरची पेटी काढली, खोटं पाडायलाच काढली. पाकीट सापडलं. आत सरांचं टपोरं अक्षर: अ – ग्रामीण. ब – शहरी.

मूळ कागद माझा होता, चिठ्ठी माझ्याकडे होती, आणि निष्कर्ष लिहिताना मी यातलं काही बघितलं नव्हतं. गवळींचं स्वच्छ टाइप केलेलं पान समोर ठेवलं आणि लिहून टाकलं की ग्रामीण विद्यार्थ्यांची समज लक्षणीयरीत्या कमी आहे. गुण देताना मन बाजूला ठेवलं म्हणे, आणि निष्कर्षाच्या वेळी तेच मन पुढे होऊन बसलं. डोंबलाचं संशोधन. तोंडी परीक्षेत कुणी भुवई उचलली नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. नंतर सोळा वर्षं मी वर्गात हेच सांगितलं. खेड्यातल्या मुलांचं आकाश कच्चं असतं, त्यांना अगदी मुळापासून शिकवा. आणि माझे विद्यार्थी ते ऐकून खेड्यांत मास्तर होऊन गेले.

मग मी काय केलं? काही नाही. दोन दिवस पाकीट टेबलावर ठेवून येता-जाता बघत बसले. सर वारले होते. माझा प्रबंध कुणी वाचत नव्हतं, वाचणारी ही एकच. गवळींनी फोन केला असता तर मी ‘चिठ्ठी सापडत नाही’ असं सांगितलं असतं, बहुतेक. त्यांनी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पेटीतला उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा सोडला. अ गटातल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘बिजेची कोर दिवस मावळल्यावर मावळतीकडं दिसती आन जरा येळानं बुडती.’ बाजूला लाल शाईत माझी बरोबरची खूण, आणि पूर्ण गुण. माझ्याच हाताने दिलेले. त्यानंतर मात्र मला घरात बसवेना.

बुधवारी दुपारी गठ्ठा आणि चिठ्ठी घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, मान हलवली, ‘मी म्हणत होतो ना’ वगैरे काही नाही. उत्कर्षाला फोन लावला, तीन मिनिटांत सांगितलं. पलीकडे ती रडत असावी, कारण हे नुसतं “असू द्या, असू द्या” म्हणत होते. तिच्या मार्गदर्शकांना माझं पत्र हवं होतं, आणि ग्रंथालयातल्या माझ्या प्रबंधाला जोडायला शुद्धिपत्र. गवळींनी दोन्हींचा मसुदा आधीच करून ठेवला होता. त्यात लिहिलं होतं, ‘टंकलेखकाच्या चुकीमुळे’.

मी ते खोडलं. ‘संशोधकाच्या चुकीमुळे’ असं लिहिलं. ते म्हणाले, मॅडम, चूक माझी आहे. मी म्हटलं, “गवळी, तुम्ही मथळा चुकवलात. निष्कर्ष मी लिहिला.” आणि सही केली.

काम झालं होतं, मी निघायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, उत्तरं वाचू का. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी गठ्ठा दिला. ते एकेक कागद वाचत होते, हळू, ओळीखाली बोट ठेवून. त्या मुलीच्या कागदावर थांबले.

“हे मी म्हटलं होतं,” ते म्हणाले.

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अठ्ठ्याऐंशी साली, इथेच पुण्यात. भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी सहज विचारलं, बिजेचा चंद्र कधी आणि कुठे दिसतो. यांनी सांगितलं, दिवस मावळल्यावर, मावळतीकडं, जरा येळानं बुडतो. सर हसले, शेजारचे सर हसले, रांगेत उभी असलेली मुलं हसली. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. यांना वाटलं, उत्तर चुकलं. घरी अंगणात झोपून रोज बघितलेला चंद्र, तोही आपल्याला धड माहीत नाही. पुढच्या महिन्यात कॉलेज सोडलं आणि टायपिंगच्या क्लासला नाव घातलं.

“तुमचा कागद आला तेव्हा एकसष्ट टक्के बघितले,” ते म्हणाले, “आणि अ म्हणजे आपण कसे असू, असंच वाटलं. म्हणून तिसरा फोन केला नाही.”

मी तीस वर्षं शिक्षक घडवले. लोक म्हणतात माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं. मी म्हटलं, “गवळी, तुमचं उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण गुण दिले असते.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी कागद पुन्हा गठ्ठ्यात सरळ लावून ठेवला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

“मी घरी सांगितलं होतं, मला झेपत नाही. आईला शेवटपर्यंत तेच ठाऊक होतं. ती गेली, भाऊ गेला. आता बरोबर होतं म्हणून सांगायचं तरी कुणाला?”

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. ते संगणकाकडे वळले आणि उत्कर्षाच्या प्रबंधातली ती स्वतःच्या चुका शोधणारी चार पानं काढून टाकायला लागले, कारण ती पाच वाजता येणार होती.