अजून दोन बोटं कमी

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी बसून विणतील तर शपथ! काखेत लोकरीचा गुंडा, हातात सुया, आणि बाई या खोलीतून त्या खोलीत. दूध बघतील, बेल वाजली की दार उघडतील, विणणं चालूच. मी त्यांना ताई म्हणते, गल्लीतल्या बायका टेपबाई म्हणतात, कारण मोजायची टेप गळ्यातून उतरते ती फक्त आंघोळीपुरती.

पण लांबी मोजायची वेळ आली की याच बाई एकदम शांत. विणलेलं मांडीवर घेऊन मोजायचं नाही, टेबलावर पसरायचं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. जरा वेळ तसंच पडू द्यायचं, मग खालच्या काठापासून सुईपर्यंत मधोमध टेप धरायची. शिकायला येणाऱ्या एखादीनं लवकर सुटायला म्हणून ताणून माप दाखवलंच, तर तिच्या हातावर चापट बसलीच म्हणून समजा.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूर, थंड मुलखात निघाली. निघायचा दिवस रविवार. तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, अगदी मापात. पुढचा भाग मात्र काही संपेना. काखेपर्यंत पोचला की टाके कमी करायला लागायचं, एवढंच तर होतं. पण विचारलं की उत्तर ठरलेलं, अजून दोन बोटं कमी. काल दोन बोटं, आजही दोन बोटं. अहो, मग दिवसभर सुया चालतात त्या काय हवेत? लेक म्हणाली, राहू दे आई, मागाहून पाठव. तर तिच्यावरच खेकसल्या, स्वेटर झाल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही, तिकीट पुढे ढकल. पोरगी रडकुंडीला आली. सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी हातची जाणार होती.

शनिवारी सकाळी बघते तर ताई खिडकीशी बसलेल्या. चक्क बसलेल्या, आणि मांडीवर घेऊन मोजत होत्या! तळहातानं विणलेलं वर सारायच्या, त्याला चुण्या पडायच्या, आणि माप कमी भरायचं. म्हटलं, पाणी इथे मुरतंय तर! सुयांसकट सगळं हातातून काढून घेतलं, टेबलावर पाठीशेजारी पसरलं, ओळी मोजल्या. पुढचा भाग काखेच्या मापापेक्षा चांगला वीतभर लांब झाला होता.

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या पोरींना चापट्या मारता आणि स्वतः हे धंदे करता, असं मी तोंडाला येईल ते बोलले. वाटलं, आता जुंपणार. ताई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"जाऊ नकोस असं मला म्हणता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "हे संपलं की ती जाणार."

लेक बॅग भरता भरता माझा आवाज ऐकून दारात आली होती. तिनं ते ऐकलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. ताईंनी कुणाकडे बघितलं नाही. सुई काढली, धागा धरला आणि सरासर उसवायला लागल्या. लेक समोर येऊन बसली आणि सुटलेली लोकर गुंडाळू लागली.

थोडं उसवून झाल्यावर तिनं आईचा हात धरला. "पुरे, आई. लांब असला तरी चालेल मला."

"नाही," ताई म्हणाल्या. "मापातच हवा. तिथे दुरुस्त करायला मी नसेन."

आणि हात सोडवून घेऊन त्या पुढची ओळ उसवू लागल्या.