उंदीर वॉरंटीत येत नाहीत

नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसाने मला आधी कॉफी पाजली आणि मग घाबरवायला घेतलं. गिअरबॉक्स गेला तर? एसीचा कॉम्प्रेसर बसला तर? किल्ली अजून माझ्या हातातही आली नव्हती आणि हा गृहस्थ गाडीच्या भावी आजारपणांविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलत होता की मला ती तिथेच सोडून पळावंसं वाटलं. शेवटी मी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. अट एकच होती, कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कोणी गाडीला हात लावायचा नाही. बाहेरच्या मेकॅनिकने काही खोललं की वॉरंटी गेली.

आता आमच्या घरात बाहेरचा मेकॅनिक म्हणजे माझ्या ताईचा नवरा. पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना हायवेला भावोजींचं गॅरेज आहे. आमचं गाव नेऱ्याच्या बाजूला, आणि आमच्या घरची रीत अशी की गाडी आली की आधी देवाला दाखवायची, मग जावयाला. देव नुसता बघतो. भावोजी बॉनेट उघडून आत डोकं घालतात, बराच वेळ ‘हं’ म्हणतात आणि चांगलं चाललेलं काहीतरी काढून पुन्हा बसवतात. माझ्या जुन्या गाडीत त्यांनी एवढी काढघाल केली होती की ती बनवणाऱ्यांनीही तिला ओळखलं नसतं.

तर मी पेढे घेऊन गॅरेजवर गेलो. भावोजींचा हात सवयीने बॉनेटकडे गेला आणि मी म्हणालो, उघडू नका, वॉरंटी आहे. गॅरेजातली सगळी माणसं बघत होती. भावोजींनी हात मागे घेतला, स्वच्छ असूनही फडक्याला पुसला आणि पेढा न खाता आत निघून गेले.

जावई रुसला. लग्नातला रुसवा एखाद्या अंगठीने निघतो, त्याची सगळ्यांची तयारी असते. हा रुसवा वेगळा निघाला. भावोजींनी भांडण केलं नाही, नुसतं आमच्याकडे यायचं बंद केलं, आणि त्यांच्याबरोबर ताईचंही येणं थांबलं. रविवारी आई तरीही ताईच्या वाटणीची मासळी आणायची आणि दुपारी कालवण उरलं की माझ्याकडे बघायची. मी कॉम्प्रेसर किती महाग असतो ते सांगायचो. खरं तर मलाही ताईवाचून घर ओकंओकं वाटत होतं, पण वॉरंटी घेतलेल्या माणसाला असं बोलून चालत नाही.

मग आगोट आली. पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवायची, त्याला आम्ही आगोट म्हणतो. दरवर्षी आई उरणच्या बाजारातून सुकट आणते आणि एक पिशवी लेकीच्या घरी पाठवते. त्या वर्षी पिशवी घेऊन मी गेलो. भावोजी दारातच उभे होते. ताई त्यांच्या मागे, डोळे भरलेले. भावोजी म्हणाले, “ती पन कंपनीलाच दे.”

पिशवी परत आणली तर आई उंबऱ्यात आडवी आली, म्हणाली, लेकीच्या नावाने काढलेलं परत घरात घ्यायचं नाही, ते लेकीचं माहेर तुटण्याचं लक्षण. राग उतरला की नेऊन दे, तोवर गाडीत राहू दे. सुकट डिकीत राहिली. एसी लावला की आत आख्खा उरणचा बाजार भरायचा, आणि ऑफिसातल्या दोघांनी माझ्या गाडीतून येणं सोडून रिक्षा धरली. भावोजींचा राग काही उतरेना. पण आमच्या आजूबाजूच्या शेतांतल्या उंदरांना आमंत्रण पोचलं.

एका सकाळी गाडी सुरूच होईना. कंपनीची माणसं ती ओढून वर्कशॉपला घेऊन गेली, तेवढं मात्र फुकट. मी जवळजवळ आनंदात होतो, अखेर माझी वॉरंटी कामी येणार होती. तिथल्या साहेबाने मला कुरतडलेल्या वायरी दाखवल्या आणि उंदीर वॉरंटीत येत नाहीत असं अदबीने सांगितलं. मी विचारलं, मग काय येतं? म्हणाला, जे आपोआप बिघडतं ते. उंदीरही आपोआपच आले होते, मी काही बोलावले नव्हते. तो हसला नाही.

मी बाहेर येऊन भावोजींना फोन केला. त्यांनी वर्कशॉपचा पत्ता तेवढा विचारला आणि दुपारी टेम्पो घेऊन थेट वर्कशॉपला आले आणि माझी गाडी दोराला बांधून, वरातीतून नवरी न्यावी तशा थाटात, आमच्या अंगणात घेऊन आले. टेम्पोत पुढे ताई बसली होती. आईने तिला उतरूसुद्धा नीट दिलं नाही, हाताला धरून आत नेलं. डिकीतली पिशवी उंदरांनी केव्हाच उरकली होती, म्हणून आईने नवीन भरायला घेतली.

भावोजींनी बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि ‘हं’ केलं. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझा मलाच राग आला. आतूनच ते म्हणाले, “वॉरंटी घेतलीस त्याचा राग नव्हता रं. घेताना मला इचारलास नाय.”

मी टॉर्च धरून उभा राहिलो.

पुढे मुदत संपत आली तेव्हा कंपनीतून एका बाईंचा फोन आला, वॉरंटी वाढवायची का? भावोजींचा हात लागलेल्या गाडीची वॉरंटी विकायला कंपनीची काही हरकत नव्हती. त्यांची हरकत असते ती भरपाई द्यायच्या वेळी. रविवार होता, ताई-भावोजी आमच्याकडेच जेवत होते. मी बाईंना थांबायला सांगितलं आणि भावोजींना विचारलं, काय करू?

भावोजींनी हातातली सुकट-भाकरी ताटात ठेवली. गिअरबॉक्सबद्दल विचारलं, कॉम्प्रेसरबद्दल विचारलं. बराच वेळ ‘हं’ झालं. मला वाटलं, आता हे कंपनीचा उद्धार करणार.

“घे,” ते म्हणाले. “आता इचारलास ना.”

आणि ताईकडे आणखी थोडी सुकट मागितली.