नेव्हीतला बबन कोण?

"दादा, तुम्ही नेव्हीत होतात, हे आधी नाही का सांगायचं?" मी फाईल पुढं सरकवत म्हणालो.

येडगावचे बबनदादा माझ्याकडं बघतच राहिले. "मी? अवो साहेब, धरणाच्या पाण्यात मी गुडघ्याच्या वर कधी गेलो न्हाई!"

झालं! माझं डोकंच चालेना. नेव्हीत जन्मभर क्लार्की करून मी जुन्नरला परतलो होतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास लोकांना जुनी सर्व्हिस रेकॉर्ड शोधून द्यायचो. सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे भरतीपासून डिस्चार्जपर्यंत माणसाची कुंडलीच.

दादा आले होते धाकट्या भावासाठी, किसनसाठी. गावच्या शाळेत माजी सैनिकांच्या नावांची पाटी लागणार होती. किसन तरुणपणी पाच वर्षं नेव्हीत होता म्हणायचा, पण हातात कागद एक नाही. गाव त्याला थापाड्या म्हणायचं. दादांना ते फार लागलं होतं.

किसनच्या नावानं मी नेव्हीच्या रेकॉर्ड ऑफिसला दोनदा पत्र पाठवलं. दोन्ही वेळा उत्तर, नोंद नाही. मग नाव सोडून वडील आणि गाव यांवरून शोधायला सांगितलं, तर ही फाईल आली. बबन बाळू, येडगाव. जन्मतारीख एक जून. ती तर कुचकामी. त्या काळी मास्तर निम्म्या शाळेला एक जूनलाच जन्माला घालायचे.

किसन कोपऱ्यात बसला होता. आल्यापासून त्याचं एकच, "दादा, चल ना घरी."

फायलीत ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. काही सुचेना म्हणून तो वाचला. डाव्या भुवईत जखमेचा व्रण. दादांच्या दोन्ही भुवया धडधाकट. मी किसनकडं वळलो.

"टोपी वर करा बरं."

त्यानं टोपी काढली आणि रडायलाच लागला. "दादा, तुझा सातवीचा दाखला उंदरांनी न्हाई खाल्ला. म्या नेला. माझी चौथी बी झाली नव्हती रं."

त्या दाखल्यावर दादांना मास्तर व्हायचं होतं. दुसरा मिळेपर्यंत वडील गेले आणि औत हातात आलं.

"चाळीस वर्सं का न्हाई बोललास?"

"कागदावर नाव तुझं व्हतं, तुलाच धरून नेतील वाटलं."

मला वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि नियम काय सांगतो तेही आठवत नव्हतं. "अॅफिडेव्हिट करावं लागेल, चौकशी..." मी पुटपुटलो.

"चौकशी ऱ्हाऊ द्या राव," दादा म्हणाले. "फायलीत हाय तेच नाव लागू द्या. मी न्हाई गेलो, नाव तरी समुद्र बघून आलं."

पाटीवर बबन बाळू लागलं. नारळ मात्र दादांनी किसनच्या हातात दिला आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "किसन्या थापाड्या न्हाई. चोर हाय! माझा दाखला चोरून नेव्हीत गेला व्हता." गाव हसलं. किसन तर हसत-रडत नारळ फोडायचाच विसरला.

तेव्हापासून कुठलीही फाईल उघडली, की मी आधी खुणांचा रकाना वाचतो. नाव शेवटी.